बंद दिसलं की चालू

जन्मभर वायरमनचं काम केलेल्या म्हाताऱ्याला बंद बटण बघवत नसे. कॉम्प्युटर सुरू व्हायला फार रेंगाळतो म्हणून तो सेटिंगमध्ये शिरला आणि जिथे जिथे ‘बंद’ दिसलं तिथे तिथे ‘चालू’ करून मोकळा झाला. आता या खोडीला काय म्हणावं! कॉम्प्युटर हटूनच बसला. गुप्त आकडा टाका, नाहीतर आत पाऊल ठेवू देणार नाही.

म्हाताऱ्याने सगळं पुन्हा बंद करून पाहिलं. पडदा ढिम्म. शेवटी फोनवर जावयानेही हात टेकले. “मामा, आकडा नसेल तर आतले फोटो गेलेच म्हणून समजा. ठरवला कुणी होता?”

बायकोने. रोज दुपारी तेच फोटो बघून तिला मुलांची नावं आठवायची.

म्हाताऱ्याने तिला पडद्यासमोर बसवलं. “आठव ना गं. तूच टाकला होतास.”

तिने त्याच्या हातातला स्क्रूड्रायव्हर पाहिला, त्याचा चेहरा निरखला आणि समजूत घातल्यासारखी म्हणाली, “राहू द्या हो, दादा. आमचे हेही वायरमनच आहेत. संध्याकाळी आले की करतील चालू.”