भिंगरीची सुट्टी

हॉकीचा हंगाम संपून आठवडाही झाला नव्हता, तोच भिंगरीच्या बाबांनी नवं वेळापत्रक फ्रिजवर चिकटवलं. सकाळी पाच किलोमीटर धावणं, शाळेनंतर भिंतीवर दोनशे फटके, संध्याकाळी गच्चीवर वाकून चेंडू फिरवणं. रविवारी सगळं दुप्पट!

"अहो, तेरा वर्षांची पोर आहे ती, घाण्याचा बैल नाही," आई म्हणाली.

"संघाची निवड तीन महिन्यांवर आलीय! बाकीच्या पोरी काय झोपा काढताहेत?"

खरं तर काढतच होत्या. प्रशिक्षकबाईंनीच सगळ्यांना बजावलं होतं, सहा आठवडे स्टिकला हात लावायचा नाही. पोहा, सायकल चालवा, हुंदडा. तिथेच बाबांचं डोकं फिरलं होतं. "शिकवायचा कंटाळा, दुसरं काय!" असं म्हणून बस डेपोतल्या कामावरून घरी आले की ते शिट्टी घेऊन स्वतः गच्चीवर उभे राहू लागले.

पण तीन आठवड्यांत भिंगरीची भिंगरी राहिली नाही. धावताना मागे, फटक्यात जोर नाही. बाबा ओरडून ओरडून थकले. शेवटी एका रविवारी तिला घेऊन ते तडक मैदानावर गेले.

प्रशिक्षकबाई उन्हात गोलकीपरचे पॅड वाळत घालत होत्या.

"बाई, तुमच्या सुट्टीपायी पोरगी बिघडली! मी एवढा राबतोय, तरी ढिम्म!"

बाई भिंगरीकडे बघत म्हणाल्या, "बुटाची नाडी सुटलीय बघ तुझी."

भिंगरीने पाय बाकावर ठेवला.

"तसं नको. खाली वाकून बांध."

ती अर्धी वाकली, ओठ चावला आणि तिथेच थांबली. डोळ्यांत पाणी आलं.

"कधीपासून दुखतेय कंबर?"

"पंधरा दिवस झाले."

"अगं, मग मला सांगितलं का नाहीस?" बाबा ओरडले.

"सांगितलं होतं. तुम्ही म्हणालात, नाटकं नकोत."

बाबांनी गळ्यातली शिट्टी काढून खिशात टाकली.

"हॉकी वाकूनच खेळतात," बाई म्हणाल्या. "वर्षभर सगळा भार एकाच जागी. हिची हाडं अजून वाढताहेत. सुट्टी मी लाड म्हणून देत नाही हो, शरीर भरून यावं म्हणून देते. सोळाव्या वर्षी कमरेला पट्टा बांधून खेळ सोडलेल्या मुली मी पाहिल्यात. त्यांचे आईवडीलही तुमच्यासारखेच कष्टाळू होते!"

डॉक्टरांनी एक्स-रे काढला. मणक्याला बारीक चीर होती. चार महिने हॉकी बंद. वेळीच आलात म्हणून बरं, असंही ते म्हणाले. पण निवड हुकली ती हुकलीच.

दवाखान्याच्या पायरीवर बाबा मटकन बसले. "चुकलो गं मी. तुझं ऐकायला हवं होतं."

भिंगरी त्यांच्या शेजारी टेकली. मग म्हणाली, "बाबा, मला हॉकी आवडते. पण या महिन्यात ती नकोशी झाली होती."

मणक्यातल्या चिरेपेक्षा ते वाक्य बाबांना जास्त लागलं.

मंडळी, आपणही मुलांच्या भल्यासाठीच त्यांना पळवतो. पण थकलेलं मूल "दुखतंय" म्हणतं, तेव्हा ते आळशी नसतं, खरं बोलत असतं. सराव खेळाडू घडवतो, हे खरंच. पण त्या घडणीत विश्रांतीचाही वाटा असतो. तो वाटा मुलांकडून हिरावून घ्यायचा हक्क कुठल्याच आईबापाला नाही!