ऑइलची पट्टी

सकाळचे ऊन आधी शटरच्या फटीतून आत आले, फरशीवरच्या काळ्या डागांवरून सावकाश सरकत टेम्पोच्या चाकाशी रेंगाळले आणि मग काचेतून उतरून स्टिअरिंगवर विसावलेल्या बाबांच्या हातांवर येऊन थांबले. नजर अधू झाल्यावर बाबांनी टेम्पो मुलाच्या हवाली केला होता. तरी रोज सकाळी ते आपल्या सीटवर येऊन बसत.

वर्षभर मुलगा डिझेलऐवजी हॉटेलांतले वापरलेले खाद्यतेल गाळून टाकीत ओतत होता. धूर वाढला, तेव्हा त्याने थंडीला बोल लावला. आज मात्र इंजिनाने हूं की चूं केले नाही.

बोलावून आणलेल्या मिस्त्रीने इंजिनातल्या ऑइलची पातळी दाखवणारी पट्टी ओढून काढली. तिच्यावर डिंकासारखा थर होता.

"काय हो शास्त्रज्ञ, इंजिनात खळ शिजवलीत की काय?"

"पण ऑइल कधी कमी झालं नाही," मुलगा पुटपुटला. "उलट वाढतच होतं."

"ऑइल कुठं वाढतं का, राजे? न जळलेलं खाद्यतेल खाली ऑइलमध्ये उतरत होतं." मग बाबांकडे पाहून मिस्त्रीचा आवाज खाली आला. "पिस्टनच्या रिंगा चिकटल्यात, काका. आतून सगळं गेलंय."

बाबांचे हात स्टिअरिंगवरून हलले नाहीत. "तू बघत होतास ना रे टेम्पोकडे?"

"रोज बघत होतो, बाबा."

ते खरेच होते. रोज पट्टी पुसताना चढलेली पातळी पाहून, इंजिन सुखात आहे, अशी तो मनाची समजूत घालत असे.

पट्टीला कित्येक महिन्यांपासून तळणाचा वास येत होता.