पुस्तकातला बाबा

मेंढरं कराडच्या बाजूला, ऊस तुटलेल्या रानात बसवली होती, तेव्हा बिराप्पाला फोन आला. तो आटपाडीजवळच्या वाडीत पोचेपर्यंत बायकोची माती उरकली होती. काविळीनं चार दिवसांत स्वप्नाली गेली. कळप भावावर सोपवून बिराप्पा घरी राहिला. पण दिवाळीनंतर बापाचं तोंड न बघितलेली अडीच वर्षांची प्रांजल त्याच्या जवळ येईना. दिसला की मावशीच्या ओढणीत शिरायची.

उद्या ती मावशी, समीक्षा, सांगलीला सासरी निघणार होती. तिच्यामागं पोरीनं आपल्या हातचा घास घेतला नाही तर काय करायचं, याचा बिराप्पाला घोर लागला होता.

समीक्षानं अंगणवाडीतून मिळालेलं चित्रांचं पुस्तक त्याच्यापुढं धरलं. "दाजी, हे वाचून दावा तिला. ताई रोज उंबऱ्यावर बसून वाचायची."

चौथी शिकलेल्या बिराप्पानं अक्षरांवर बोट ठेवलं. "धनगर... मेंढ्या... राखतो."

"न्हाई! बाबा!" प्रांजल दाराआडून ओरडली.

त्यानं चित्र निरखलं. मुंडासं होतं, काठी होती, घोंगडं होतं. तोंडच नव्हतं. तिथला कागद पांढरा पडून भुसभुशीत झाला होता.

"मुकं घेऊन घेऊन गेलं," समीक्षा म्हणाली. "तुमचा फोन साधा, त्यात माणूस दिसत न्हाई. पोर बाप विसरंल म्हणून ताईनं ह्यालाच बाबा केला. मुका घ्यायचा, रस्त्याकडं बघायचं अन् म्हणायचं, आता बाबा येनार. मी हसले तर म्हणायची, काय फरक हाय गं? दोघंबी बोलत न्हाईत."

बिराप्पाला हसू आलं आणि लगेच नाक ओढावं लागलं. त्यानं खुंटीवरचं घोंगडं खांद्यावर टाकलं, कोपऱ्यातली काठी घेतली आणि उंबऱ्यावर जाऊन बसला. पुस्तक मांडीवर उघडून म्हणाला, "मेंढरं राखून बाबा आला."

प्रांजलनं चित्राकडं बघितलं, मग त्याच्याकडं. सरकत सरकत आली. त्याच्या मिशीला बोट लावलं आणि मांडीवर बसली. समीक्षा डोळे पुसत आत गेली.

प्रांजलनंच पान उलटलं. विहिरीवर एक बाई घागर भरत होती. निळं लुगडं नेसलेली, गोरी. स्वप्नालीसारखी ती मुळीच नव्हती. ह्या पानावरचं तोंड अजून शाबूत होतं.

प्रांजलनं वाकून त्या बाईचा मुका घेतला. मग मान वळवून रस्त्याकडं बघत म्हणाली, "आता आई येनार."

"न्हाई येत गं, पोरी. आई आता न्हाई येत."

तिला हसूच आलं. "बाबा आला की!"

ती तशीच बघत राहिली. ऊन तिच्या डोळ्यांवर येत होतं. बिराप्पानं हाताचा आडोसा धरला आणि तोही रस्त्याकडं बघत बसला.