सिंहासनावर आणखी दोघांची जागा

नाटक क्रांतीचं होतं. रोज संध्याकाळी तिसऱ्या अंकात जनता राजाला सिंहासनावरून खाली ओढायची, आणि दुसऱ्या दिवशी पहिल्या अंकात राजा पुन्हा वर बसलेला असायचा. इतक्या नेमाने चालणारी क्रांती कुठल्याही देशाच्या वाट्याला आली नसेल.

ओढणाऱ्यांत सर्वांत पुढे दाजी. राजाचं काम त्यांचा मेहुणा करायचा. तो दाजी म्हणायचा, म्हणून सगळी मंडळीच म्हणू लागली. पहिले दोन अंक दाजी दरबारात भाला धरून उभे. तिसऱ्यात भाला टाकायचा, बंड करायचं आणि गरजायचं, "जाळा हे सिंहासन!" आवाज खणखणीत होता, गुडघे मात्र कामातून गेले होते. डॉक्टरांनी बजावलं, "उभं राहणं बंद." तेव्हा दाजींनी नाटक कंपनीच्या मालकांकडे विंगेतलं स्टूल मागितलं.

"भालदार बसला तर दरबार कसला? दवाखाना वाटेल तो!" मालक म्हणाले. ते स्वतः विंगेत पडद्याची दोरी धरून उभे असायचे. तेवढ्यासाठी वेगळा माणूस कशाला ठेवा?

सिंहासन म्हणजे मालकांच्या घरचा जुना तिघांचा सोफा, वरून सोनेरी कापड. मेहुणा मधोमध बसायचा. त्याच्या दोन्ही बाजूंना एकेक माणूस मावेल एवढी जागा वर्षानुवर्षं नुसती हवा खात पडलेली. दाजींचा भाला सरळ असायचा, नजर तिरकी.

"माझ्या भावाच्या जागेवर डोळा ठेवता?" घरी बायको भडकायची.

"त्याच्या नाही गं. त्याच्या शेजारच्या."

एका संध्याकाळी मेहुणा नेहमीसारखं कुजबुजला, "दाजी, हळू ओढा. बगलेत उसवलंय." दाजींनी त्याला अलगद उतरवलं. आता गरजायचं. पण समोर सोफा अख्खा रिकामा. दाजी वळले आणि बसले.

विंगेतून मालकांनी हात नाचवले. "जाळा! अहो, जाळा!"

"उद्या जाळू," दाजी डोळे मिटून म्हणाले.

टाळ्या थांबेनात. क्रांतीचं इतकं खरं दर्शन आजवर कुणी घडवलं नव्हतं, असं पहिल्या रांगेत एकमत झालं. मालकांनी वारा ओळखला. दुसऱ्या दिवसापासून राजा दाजी, मेहुण्याच्या हाती भाला.

दाजी दोन अंक असे बसले, की फर्मान सोडायचंही त्यांच्या जिवावर येत होतं. तिसऱ्या अंकात मेहुण्यासकट पाच बंडखोर धावून आले. मेहुण्याने दंड धरला. दाजींनी सोफ्याचा हात धरला.

"उठा की दाजी! क्रांती झालीय."

"झाली? छान झालं. मग तू हो पुढे."

"अहो, नाटक संपायचं कसं?"

"मला कुठे घाई आहे?"

पाचही जणांनी मिळून ओढलं. सोफा हातभर पुढे सरकला, त्याच्यासोबत दाजीही सरकले. मेहुणा धापा टाकत त्यांच्या कानाशी वाकला.

"दाजी, एकाच दिवसात पाय भरून आलेत माझे. तुम्ही इतकी वर्षं कसे हो उभे राहिलात?"

हे आजवर कुणी विचारलं नव्हतं. दाजींनी सोफ्याचा हात सोडला. उतरावं असं क्षणभर त्यांच्या मनातही आलं, पण गुडघ्यांनी साफ नकार दिला. मग ते जरा बाजूला सरकले.

"बस."

मेहुणा बसला. पलीकडे मशालवाल्याने मशाल विझवून जागा पकडली. दोघे सोफ्याच्या हातांवर टेकले, आणि उरलेला एक पाठीवर चढून बसला.

मालक दोरी सोडून रंगमंचावर धावले. "अरे, सगळेच बसलात तर क्रांती करायची कोणी?"

"बसून करतो की. गळा शाबूत आहे," दाजी म्हणाले. आणि सहा जण एका सुरात गरजले, "जाळा हे सिंहासन!"

"आत्ता नको," मशालवाल्याने घाईघाईने पुस्ती जोडली.

प्रेक्षक वाट पाहत राहिले. मालक एका पायावरून दुसऱ्या पायावर भार देत मध्येच उभे होते. सबंध दरबारात उभे असे तेवढेच.

"मालक," दाजी मायेने म्हणाले, "विंगेत एक स्टूल आहे बघा."

मालकांनी ते आणलं, दाजींच्या शेजारी ठेवलं आणि हुश्श करून बसले. पडद्याची दोरी विंगेत लोंबत राहिली.