तांबडीचं शेवटचं अंडं

रोवेनाने ऱ्होड आयलंड जातीच्या पाच लाल कोंबड्या आणून परसात सोडल्या, तेव्हा तिच्या सासूने, कॅथरीनबाईंनी, त्यांना एकदा नीट न्याहाळलं.

"दिसायला बऱ्या हायेत. पन बसतील का?"

"कशावर, आई?"

"अंड्यावर गो. अजून कशावर?"

रोवेनाने खरं ते सांगून टाकलं. ही खास अंड्यांसाठी वाढवलेली जात. अंडं घालायचं आणि चालू लागायचं, एवढंच तिचं काम. खुडूक होऊन उबवायला बसणं हिच्या रक्तातून जवळपास गेलेलंच.

"मग ती आई कसली," कॅथरीनबाई म्हणाल्या आणि आपल्या गावठी काबरीला दाणे टाकायला निघून गेल्या.

माणिकपूरच्या चर्चमागे, दोन उंच बिल्डिंगांच्या मधोमध त्यांचं बैठं घर होतं. मागे विहीर, तीन माड, खुराडं आणि कोंबड्यांत फिरणारा एक गावठी कोंबडा. कॅथरीनबाईंचं माहेर किनाऱ्यावरच्या पाचूबंदरचं. तिथून येताना त्या तिथल्या बोलीबरोबर कोंबड्या पाळायची सवयही घेऊन आल्या होत्या. काबरी वर्षातून थोडीच अंडी द्यायची, पण एकदा बसली की साप आला तरी उठायची नाही. कॅथरीनबाईंच्या लेखी कोंबडी म्हणजे ती.

रोवेना शाळेच्या ऑफिसात कामाला होती. सकाळी निघण्याआधी खुराड्यात हात घालायचा आणि कोमट अंडी टोपलीत ठेवायची, हा तिचा दिवसातला आवडता क्षण. शिळा भात, भाजीचे देठ, कुटलेल्या तिसऱ्यांच्या शिंपल्या, एवढ्यावर त्या पक्ष्यांच्या पोटात रात्रीतून असं गुळगुळीत, भरलेलं काहीतरी कसं तयार होतं, याचं तिला नवल वाटे. पण घाईत ते नवलही टोपलीतच राहून जाई. सगळ्यांत जास्त अंडी घालायची ती गडद पिसांची तांबडी. आभाळ कोसळलं तरी तिचा खाडा नसे.

एका रविवारी चर्चमधल्या मिस्साहून परत येऊन रोवेना साडी बदलत होती, तोच मागे धप्पकन आवाज झाला. माडाची वाळलेली झावळी खाली आली होती आणि तिच्या जाड देठाखाली तांबडी पडली होती. रोवेना धावत गेली, तोवर सगळं संपलं होतं. कोंबडी खुराड्याच्या दिशेने निघालेली, तशीच आडवी झाली होती.

"रडू नको," कॅथरीनबाई मागून म्हणाल्या. "पानी तापवते. टाकून दिली तर तिचा अपमान."

रोवेनाने विहिरीच्या कठड्याशी बसून पिसं काढली. मग सुरी फिरवली, आत हात घातला, आणि तशीच थांबली.

पाठीच्या कण्याला लागून पिवळ्याधमक बलकांचा एक घोस लटकत होता. पहिला अगदी पुरा, अंड्यात दिसतो तेवढा. त्याच्या शेजारचा किंचित लहान. मग सुपारीएवढा, मग बोराएवढा, मग वाटाणा, मिरी, मोहरी. मोहरीच्याही पलीकडे खसखशीसारखे पांढुरके ठिपके, इतके की नजर त्यांच्यात शिरत गेली तरी शेवट सापडेना. प्रत्येक बलकावर केसाहून बारीक लाल शिरा पसरल्या होत्या.

"आई," तिने हळूच हाक मारली. "जरा इथे या."

कॅथरीनबाईंनी आयुष्यात कितीतरी कोंबड्या साफ केल्या होत्या. तरी त्या चष्मा सावरत अगदी जवळ वाकल्या.

"गावठीत असतात," त्या म्हणाल्या, "पन एवढी…" मोठ्या बलकाजवळ त्यांनी बोट नेलं, पण लावलं नाही. "हे उद्याचं. हे परवाचं. हे त्याच्या पुढचं." बोट बारीक ठिपक्यांपर्यंत गेलं आणि तिथेच थबकलं. त्यांनी कपाळाला, छातीला, खांद्यांना हात लावून क्रुसाची खूण केली.

लहानपणी असा बलकांचा घोस रश्शात कुणाच्या वाट्याला यायचा, यावरून भावंडांत मारामाऱ्या व्हायच्या, असं त्याच सांगत. आज त्यांनी तो केळीच्या पानात गुंडाळला आणि माडाच्या मुळाशी पुरला.

रोवेनाचा हात आत आणखी खाली गेला, तर बोटांना काहीतरी टणक लागलं. कवच धरलेलं, पूर्ण झालेलं अंडं. तांबडी तेच घालायला निघाली होती. ते अजून कोमट होतं.

काबरी दोन दिवसांपासून खुडूक होती, आणि कालच संध्याकाळी कॅथरीनबाईंनी तिच्याखाली अंडी ठेवली होती. रोवेनाने हातातल्या अंड्याकडे पाहिलं, मग सासूकडे.

"मेलेल्या कोंबडीच्या अंड्यातून काय येनार?" कॅथरीनबाई म्हणाल्या. मग जरा थांबून, "ठेव. काबरीला एक जड नाही."

रोवेनाने अंड्यावर पेन्सिलने रेघ ओढली आणि ते काबरीच्या पोटाखाली सरकवलं.

आठवडाभराने तिने ते बाहेर काढलं. स्वयंपाकघराची दारं-खिडक्या लावून अंधार केला आणि अंड्याला मोबाईलचा टॉर्च टेकवला. कवच आतून केशरी उजळलं. मध्यभागी लाल शिरांचं जाळं होतं, कोळ्याने नुकतंच विणल्यासारखं. त्या जाळ्यात एक काळा ठिपका होता आणि ठिपक्याजवळ काहीतरी थडथडत होतं. थांबत नव्हतं.

"दिसतंय?" तिने विचारलं.

"हलतंय," कॅथरीनबाई कुजबुजल्या. चर्चमध्ये बोलतात तशा आवाजात. "आई मातीत गेली, आनि हे हलतंय."

त्यानंतर त्या रोज काबरीजवळ पाण्याची वाटी स्वतः भरून ठेवू लागल्या. बोका फिरकू नये म्हणून दुपारची झोपसुद्धा त्यांनी मागच्या ओट्यावर हलवली.

तिसरा आठवडा सरत आला, तेव्हा एका सकाळी त्यांनी रोवेनाला शाळेत जाता जाता अडवलं. रेघेचं अंडं त्यांच्या ओंजळीत होतं. त्यांनी ते रोवेनाच्या कानाला लावलं. कवच अजून सगळीकडून बंद होतं. पण आतून, फार दुरून आल्यासारखा, बारीक आवाज आला. चीं. पुन्हा चीं. काबरीने घशातल्या घशात त्याला उत्तर दिलं.

रोवेनाने शाळेत फोन करून अर्धा दिवस सुट्टी घेतली. कारण विचारलं, तेव्हा तिला काय सांगावं ते सुचेना. घरी पाहुणे येतायत म्हणाली.

दुपारपर्यंत कवचाला तडा गेला. भोकातून चोचीचं टोक दिसलं, थकून थांबलं, पुन्हा टोचू लागलं. मदतीला रोवेनाचा हात पुढे गेला, तो सासूने धरला. "त्याचं त्याला करू दे." दोघी हात तसाच धरून बसल्या. अखेर कवच दुभंगलं आणि एक ओलं, लालसर, मान लटपटणारं पिल्लू बाहेर पडलं. काबरीने चोचीने त्याला पोटाखाली ओढलं. परकं म्हणून तिने एकदाही थबकून पाहिलं नाही.

कॅथरीनबाईंनी डोळे पदराने पुसले.

"त्याला नाव ठेवू नको हां," त्या म्हणाल्या. "नाव ठेवलं की मग कापवत नाही."

"कापायचं कोण म्हणतंय, आई?"

कॅथरीनबाई काबरीजवळ वाकल्या. तिचा पंख जरासा उचलून त्या पुन्हा आत पाहत होत्या.