आदरार्थी बहुवचन

नोकरी सोडून स्वतःचा सल्लागारीचा व्यवसाय सुरू केला, की माणूस स्वतःला स्वतंत्र समजतो आणि शेजारी त्याला रिकामा समजतात. वहिनींच्या टेबलावर सहा महिन्यांत तीन कामं आली आणि इमारतीतल्या प्रत्येकाचं पार्सल आलं.

वहिनी हे काही त्यांचं नाव नव्हे. धाकटी नणंद त्यांच्याकडेच राहायची आणि तिची हाक तिसऱ्या मजल्यावरून थेट फाटकापर्यंत पोचायची. त्यामुळे पोस्टमनपासून सगळेच त्यांना वहिनी म्हणत.

गोदामात माल कुठे ठेवला म्हणजे तो पुन्हा सापडेल, हे सांगणं हा त्यांचा धंदा. एका फर्निचर कंपनीत अर्धी हयात त्यांनी हेच केलं होतं. फक्त तिथे सांगण्याआधी चार बैठका व्हायच्या आणि सांगून झाल्यावर माल होता तिथेच राहायचा. म्हणून नोकरी सोडली. जुन्या साहेबांनी मात्र त्यांची खुर्ची महिनाअखेरीपर्यंत रिकामी ठेवली होती आणि ‘विचार करा’ असं ते अधूनमधून प्रेमाने कळवत. घर नवऱ्याच्या पगारावर उभं होतं, पण एका पायावर. महिना संपेपर्यंत एखादं मोठं काम आलं नाही, तर गुमान त्या खुर्चीत जाऊन बसायचं, असं वहिनींनी मनाशी ठरवलं होतं.

तेवढ्यात बूट-चपलांच्या एका घाऊक व्यापाऱ्याने प्रस्ताव मागवला. वहिनींनी लिहिलं, ‘मी आपल्या गोदामाचा अभ्यास करेन.’ नवरा शाळेत भाषा शिकवायचा. त्याने लाल पेन काढलं.

“अगं, ‘मी’ काय? एकवचनात कुठे धंदा होतो?”

“मग मी किती आहे?”

“‘आमची टीम अभ्यास करेल’ असं लिही. हे खोटं नाही. आदरार्थी बहुवचन आहे.”

“स्वतःचाच आदर?”

“कुणीतरी सुरुवात करायला हवी ना!”

व्यापाऱ्याचं उत्तर लगेच आलं. गुरुवारी सकाळी या. टीमला घेऊन या.

“मी येते की,” नणंद म्हणाली. ती दातांच्या दवाखान्यात रिसेप्शनला होती. “डॉक्टरांचा पांढरा कोट पण आणते.”

“बुटांच्या गोदामात पांढरा कोट?”

“पांढरा कोट बघून कुणी प्रश्न विचारत नाही, वहिनी. नुसता आ करतात.”

“आणि मी संशोधन विभाग,” नवरा म्हणाला.

“तुम्हाला कुणी काही विचारलं तर?”

“शुद्धलेखनाच्या चुका दाखवीन. त्या कुठल्याही गोदामात असतात.”

वहिनींनी बुधवारभर यावर गंभीरपणे विचार केला, यावरून त्यांची अवस्था लक्षात यावी. गुरुवारी सकाळी टीम दारात उभी राहिली. नवऱ्याने लग्नातला कोट घातला होता आणि बटण लागत नसल्यामुळे श्वास रोखून धरला होता. त्याला बघून निर्णय सोपा झाला.

“तुम्ही दोघं आपापल्या कामाला लागा बघू,” वहिनी म्हणाल्या, आणि एकट्याच निघाल्या.

व्यापारी साठीचा होता, चष्मा कपाळावर. गोदामाच्या तोंडाशी टेबल टाकून त्याने भोवती सहा खुर्च्या मांडल्या होत्या. नमस्कार झाल्यावरही तो वहिनींच्या पाठीमागे बघत राहिला.

“बाकीचे गाडी लावतायत का?”

वहिनींकडे तीन सबबी तयार होत्या आणि तिन्ही उत्तम होत्या.

“बाकीचे नाहीत,” त्या म्हणाल्या. “मी एकटीच आहे.”

“पत्रात तर टीम होती.”

“ते आदरार्थी बहुवचन होतं.”

व्यापाऱ्याने चष्मा कपाळावरून नाकावर आणला आणि त्यांना नीट पाहिलं.

“आमच्याकडे एक मॅनेजर आहे,” तो म्हणाला. “तोही आदरार्थीच आहे.” पण तो हसला नाही. “बाई, उद्या तुम्ही आजारी पडलात तर? अर्धं गोदाम हललेलं, अर्धं जागेवर. डावा बूट इकडे, उजवा तिकडे. गिऱ्हाइकाने काय लंगडी घालायची?”

प्रश्न रास्त होता. फर्निचर कंपनीत रास्त प्रश्नासाठी समिती नेमत. इथे समितीही एकटीच आली होती. वहिनींनी आत खोक्यांच्या रांगांमधल्या गल्ल्यांवर नजर टाकली.

“सगळं गोदाम देऊच नका. सगळ्यात वाईट गल्ली कुठली?”

“परत आलेल्या मालाची,” व्यापारी तत्काळ म्हणाला. दुखणं कुठे आहे ते विचारायचाच अवकाश, माणूस बाही वर करतो.

“ती एक द्या. मी आजारी पडलेच, तर आहे त्याहून वाईट काय होणार?”

दोघं गल्लीपर्यंत गेले. कुणी हात न लावता एक खोका वरून खाली आला. त्यातून दोन बूट निघाले, दोन्ही डाव्या पायाचे.

“काही नाही होणार,” व्यापाऱ्याने मान्य केलं. “सोमवारी या. आणि एकट्याच या. मागच्या वेळची टीम जमिनीवर रंगीत बाण काढून गेली. आमची माणसं अजून त्या बाणांवरून जाऊन भिंतीवर आदळतात.”

वहिनी बाहेर पडल्या तोच नणंदेचा फोन आला.

“मिळालं का?”

“एक गल्ली मिळाली.”

“एकच? मग आता नोकरीचं?”

एक गल्ली म्हणजे मोठं काम नव्हे. ठरल्याप्रमाणे खुर्ची गाठणं भाग होतं. वहिनींनी बसथांब्यावर उभ्या उभ्या जुन्या साहेबांना फोन लावला.

“साहेब, खुर्ची दुसऱ्या कुणाला तरी द्या.”

“अरे वा! मोठं काम मिळालेलं दिसतंय.”

“नाही, छोटंच.”

“मग?”

“पण तिथे मी सांगितल्यावर खोके खरंच हलणार आहेत.”

“यावर आपण एकदा बसू या का?” साहेबांनी विचारलं. वहिनींनी आभार मानून फोन ठेवला. बस आली तशा त्या चढल्या.

सोमवारी गल्लीत दोन हमाल कमरेवर हात ठेवून उभे होते.

“बोला बाई, काय हलवायचं?”

“आज काहीच नाही. तुम्ही नेहमीसारखं काम करा, मी बघते.”

“नुसतं बघायचं?” एकाने दुसऱ्याला कोपराने ढोसलं. “काय नोकरी आहे राव!”

“नोकरी नाही हो,” वहिनी म्हणाल्या, आणि ढकलगाडीला वाट देत भिंतीला टेकल्या.