पहिल्या ओळीचा परीक्षक

ही गोष्ट काशीनाथ सोनकांबळेनं लिहायला घेतली असती, तर तिची सुरुवात झकास झाली असती आणि गोष्ट तिथंच संपली असती. म्हणून ती दुसऱ्या कुणीतरी सांगणं भाग आहे.

काशीनाथ मूळचा लातूरकडचा, मुंबईत एका विमा कचेरीत कारकून. कचेरीत त्याला फारसं कुणी विचारत नसे, पण मिरा रोडला शांती नगरमधल्या त्याच्या सेक्टरमध्ये ‘निबंधवाले सर’ म्हणून त्याचा दबदबा होता. संध्याकाळी शाळेतली मुलं वही घेऊन दारात उभी राहायची. ‘सर, माझा आवडता ऋतू. सुरुवात द्या ना.’ काशीनाथ डोळे मिटायचा, एक हात हवेत धरायचा आणि सुरुवात द्यायचा. मधलं आणि शेवटचं ज्याचं त्यानं बघायचं.

‘सुरुवात म्हणजे फोडणी,’ तो सांगायचा. ‘ती चुरचुरली की शेजारचासुद्धा जेवायला बसतो.’

‘आणि पातेल्यात काही नसलं तर?’ आतून उर्मिला, त्याची बायको, विचारायची. पण तोवर काशीनाथची पुढच्या मुलासाठी नवी फोडणी पडलेली असायची.

त्याच्या स्वतःच्या कपाटात एका कादंबरीचं पहिलं वाक्य होतं, एका आत्मचरित्राचं पहिलं वाक्य होतं, आणि पाण्याबद्दल पालिकेकडे करायच्या तक्रारीचं तर इतकं सुंदर पहिलं वाक्य होतं की तक्रार करायचीच राहून गेली. हे त्याला कळत नव्हतं असं नाही. एकटा असला की तो स्वतःवर हसायचाही. ‘आपण म्हणजे वरातीतले बँडवाले,’ तो म्हणायचा, ‘मांडवाच्या दारापर्यंतच.’ आणि हे वाक्य जमलं म्हणून इतका खूश व्हायचा की सुधारायचं विसरून जायचा.

पंचाईत अशी की लिहिण्यातली ही खोड वाचण्यात आणि ऐकण्यातही उतरली होती. वर्तमानपत्र तो मथळ्यांवर संपवायचा. उर्मिलानं सामानाची चिठ्ठी दिली तर वरचं ‘साखर’ वाचून साखर घेऊन परत यायचा. आणि तिनं बोलायला तोंड उघडलं की तिचं पहिलं वाक्य झेलून तो जो पळायचा, तो पुन्हा सापडायचा नाही.

त्या डिसेंबरातलंच बघा. ‘अहो, उत्तनच्या डॉरिसबाई भेटल्या होत्या,’ उर्मिला म्हणाली.

‘डॉरिसबाई! म्हणजे नाताळचा केक आला,’ काशीनाथ म्हणाला, आणि मग केक, केकमधले मनुके, लहानपणी औशाच्या बाजारात खाल्लेला बेकरीचा पाव, असं करत करत झोपायला गेला.

दुसऱ्यांदा तिनं ‘उत्तनला’ एवढं म्हणताच तो तिथल्या किनाऱ्यावरच्या सुकट बोंबलांवर गेला. तिसऱ्यांदा ‘शाळेत’ म्हणताच त्याला स्वतःची शाळा आठवली. तिनं पोळी वाढली आणि विषय सोडला. म्हणजे सोडला असं त्याला वाटलं. खरं तर आपण काही ऐकायचं राहिलं, हेसुद्धा त्याला वाटलं नव्हतं.

जानेवारीत सेक्टरच्या मंडळानं सव्वीस जानेवारीसाठी निबंध स्पर्धा ठेवली. मराठीत लिहायचं, वयाची अट नाही, विषय ‘पाणी’. परीक्षक कोण, हे विचारायची गरजच नव्हती. मंडळाचे सेक्रेटरी सॅम्युएल म्हणजे डॉरिसबाईंचे धाकटे भाऊ. उत्तनचं घर सोडून शांती नगरात राहायला आले तरी बोलणं गावचंच राहिलेलं. ते निबंधांचा गठ्ठा घेऊन स्वतः आले.

‘नावं न्हाय लिवलेली, नुसते नंबर हायेत,’ ते म्हणाले. ‘नावं माझ्याकडं पाकिटात बंद. मागच्या साली वशिल्याची बोंब झाली होती. अवंदा तुमच्या नावावर काम हाय, सर. तुमी सांगाल तो नंबर.’

काशीनाथची छाती फुगली. वीस वर्षांच्या नोकरीत त्याच्या नावावर कुणी काम टाकलं नव्हतं; खुर्ची, पंखा आणि स्टेपलर एवढंच काय ते त्याच्या नावावर होतं. गठ्ठा त्यानं त्याच संध्याकाळी निकालात काढला. पद्धत सोपी होती. पहिल्या ओळी वाचायच्या, मनात घंटा वाजली तर गुण, नाही वाजली तर पुढचा. ‘पाणी म्हणजे जीवन’ अशी सुरुवात असलेले त्यानं बाजूला टाकले, आणि जवळजवळ सगळाच गठ्ठा बाजूला गेला. मग एक कागद हातात आला.

‘आमच्या घरात चार नळ आहेत. तीन मुके आहेत. चौथा थापाड्या आहे. रोज पहाटे सूं सूं करून येतो येतो म्हणतो, आणि येत नाही.’

‘व्वा!’ काशीनाथ मोठ्यांदा म्हणाला. कागदाच्या डोक्यावर त्यानं लाल पेनानं ‘प्रथम’ लिहिलं, खाली दुहेरी रेघ ओढली. तीन मुके नळ आणि एक थापाड्या त्याच्याच घरातून त्याच्याकडे बघत होते, पण ते त्याच्या लक्षात आलं नाही. अक्षरही आलं नाही. साखरेच्या चिठ्ठीवरचं अक्षर ज्यानं एका शब्दापलीकडे कधी पाहिलं नाही, त्याला ते ओळखू येणार कसं?

‘झालं वाचून?’ उर्मिलानं दारातून विचारलं.

‘झालं.’

‘सगळं?’

‘अगं, वाचणाऱ्याला पहिल्या ओळीतच माणूस कळतो,’ काशीनाथ म्हणाला. उर्मिला आत गेली.

सव्वीस तारखेला झेंडावंदन झालं, मुलांची कवायत झाली आणि सॅम्युएलनी पाकीट फोडलं. ‘पैला नंबर,’ ते माईकवर म्हणाले आणि थांबले. कागद उलटा करून पाहिला. ‘सौभाग्यवती उर्मिला काशीनाथ सोनकांबळे.’

टाळ्या सुरू झाल्या आणि अर्ध्यात विझल्या. मागून कोपऱ्यावरच्या किराणावाल्यानं सगळ्यांच्या मनातलं बोलून टाकलं. ‘अरे भाई, ये तो घर का मामला है!’ एक बाई म्हणाली, ‘आम्ही उगाच रात्री जागून कागद काळे केले.’ लोक हसले, पण ते हसू बरं नव्हतं.

‘मला माहीत नव्हतं!’ काशीनाथ खुर्चीतून उठून म्हणाला. ‘शपथेवर सांगतो, मला खरंच माहीत नव्हतं!’ एकाच घरात राहणाऱ्या बायकोनं निबंध लिहिला हे माहीत नव्हतं, यावर कोण विश्वास ठेवणार? त्याचं त्यालाच ते ऐकवत नव्हतं. आयुष्यात पहिल्यांदा मिळालेलं नाव त्याच्या डोळ्यांदेखत धुऊन चाललं होतं.

‘पैल्या नंबरानं वाचून दाखवायचं, अशी आपली रीत हाय,’ सॅम्युएल म्हणाले. ‘आता लोकच ठरवतील.’

उर्मिला स्टेजवर आली. निळी साडी, केसांत काही नाही. लग्नाआधी ती निलंग्याजवळ एका शाळेत शिकवायची, डी.एड. होती. ते माईक धरण्यावरूनच दिसलं. तिनं चार नळ वाचले. लोक खळखळून हसले, किराणावालासुद्धा हसला. काशीनाथला जरा धीर आला. बघा, सुरुवात आहेच तशी.

‘इथपर्यंत वाचून परीक्षक खूश झाले असतील,’ उर्मिलानं पुढं वाचलं. ‘त्यांनी व्वा म्हटलं असेल आणि लाल पेन उचललं असेल. यापुढचं ते वाचणार नाहीत. हे मी पैजेवर सांगते, कारण परीक्षक माझे यजमान आहेत.’

असा हशा उठला की वर तारेवर बसलेली कबुतरं उडाली.

‘तेव्हा पाण्याचा विषय संपला. आता माझा घेते. उत्तनला डॉरिसबाईंच्या शाळेत मराठी शिकवायला बाई हवी आहे. त्यांनी मला विचारलंय. हे मी घरी तीनदा सांगायला गेले. पहिल्यांदा केक निघाला, दुसऱ्यांदा बोंबील निघाले, तिसऱ्यांदा यांची शाळा निघाली. माझे यजमान मला नाही म्हणत नाहीत. नाही म्हणायला आधी ऐकावं लागतं.’

आता बायका हसत नव्हत्या. एक जण पदर तोंडाला लावून दुसरीकडे बघत होती.

‘हा परिच्छेद वाचून परीक्षकांनी घरी विषय काढला, तर आम्ही दोघं बसून ठरवू. नाही काढला, तर मी डॉरिसबाईंना होकार कळवेन. हे मी स्टेजवर वाचत असेन, तर तो कळवून झालाय असं समजा.’

तिनं कागदाची घडी घातली आणि खाली उतरली.

‘वशिला न्हाय हाय!’ सॅम्युएल माईकवर ओरडले. ‘आता शंभर टक्के सिद्ध झालं! सरांनी वाचलंच न्हाय!’

‘भाभी फर्स्ट क्लास, साब नापास!’ किराणावाला म्हणाला. काशीनाथचं निष्पक्षपण उजळून निघालं आणि बाकी सगळं बुडालं.

त्यानंतर कार्यक्रमपत्रिकेत ‘परीक्षकांचे मनोगत’ होतं. काशीनाथच्या खिशात भाषण तयार होतं, ‘आकर्षक सुरुवातीची कला’ या विषयावर. तो माईकपाशी गेला. ‘माणसाच्या आयुष्यात असा एक क्षण येतो,’ तो म्हणाला. लोक थांबले. तोही थांबला. खूप शोधलं, पण त्या क्षणानंतर काय येतं हे त्याला सुचेना.

‘मी कुणाचाच निबंध पुढं वाचला नाही,’ तो शेवटी म्हणाला. ‘तुमचाही नाही, आणि तुमचाही नाही. माफ करा.’

मग मात्र गलका झाला. ज्यांनी ‘पाणी म्हणजे जीवन’ लिहिलं होतं ते सगळे उभे राहिले. सॅम्युएलनी दुसरा आणि तिसरा नंबर पुढच्या रविवारवर ढकलला आणि गठ्ठा परत काशीनाथच्या हातात दिला. ‘पैला नंबर कायम. बाकीचे शेवटपर्यंत वाचा, सर,’ ते हळू आवाजात म्हणाले. ‘माझापण हाय त्यात.’

घरी आल्यावर काशीनाथनं गठ्ठा टेबलावर ठेवला आणि पंख्याखाली बसला. त्याला राग यायला हवा होता. त्यानं तो आणूनही पाहिला, पण मध्येच स्वतःचंच हसू यायचं. चारचौघांत आपला असा बँड वाजला, आणि तोही आपणच प्रथम क्रमांक देऊन! हे कुणाला सांगितलं असतं तर आपणच म्हटलं असतं, व्वा, काय सुरुवात आहे.

उर्मिलानं चहा आणला. ती समोरच्या खुर्चीवर बसली. ‘अहो,’ ती म्हणाली, ‘डॉरिसबाईंकडे सोमवारी जायचंय.’

डॉरिसबाई म्हणताच काशीनाथच्या जिभेवर निदान चार गोष्टी आल्या. त्यानं त्या चहाच्या घोटाबरोबर गिळल्या. जीभ भाजली, तरी तो बोलला नाही. आज पहिल्यांदा पूर्ण ऐकायचं, काय वाट्टेल ते होवो.

पंखा फिरत होता. उर्मिला त्याच्याकडे बघत होती आणि तो तिच्याकडे.

‘मग?’ त्यानं विचारलं.

‘मग काय?’

‘तू बोलत होतीस. सोमवारी जायचंय.’

‘हो,’ उर्मिला म्हणाली. ती जरा गोंधळली होती. ‘पण मी इथंच थांबते ना नेहमी.’

स्टेजवर झाली ती फजिती होती. ती चार दिवसांत लोक विसरले असते आणि त्यानंच पुढं रंगवून सांगितली असती. लाज त्याला आत्ता वाटली. ती सांगण्यासारखी नव्हती. कपातला चहा गार होत होता, आणि वीस वर्षं संसार केलेली बाई समोर बसून, ओठ हलवत, आपलं दुसरं वाक्य शोधत होती.